घोरपडीच्या पुस्तकाची चिकटलेली पानं

बाबा, काल तुमचं ते घोरपडीचं पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं. इतकी वर्षं ते ट्रंकेत पडून होतं. शाळेला पुस्तकं द्यायची म्हणून ट्रंक उघडली, तर सगळ्यात खाली हेच. शेवटची पानं एकमेकांना चिकटलेली होती. मला वाटलं ओल लागली असेल. आपल्याकडे पावसाळ्यात कशाला लागत नाही? पण कडेला नख लावलं तर कळलं, ही ओल नव्हे, भाताची खळ आहे. कोणीतरी बोटाने नीट काठाकाठाने लावलेली. कोणीतरी म्हणजे कोण, हे मला विचारायची गरज नव्हती. शेंगदाण्याच्या पुड्यासुद्धा तुम्ही खळ लावूनच बंद करायचे.

त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते आणि आई नागपूरच्या दवाखान्यात होती. ब्रह्मपुरीहून छोट्या लाईनच्या गाडीत बसायचं, नागभीडला गाडी बदलायची, एवढंच मला नागपूरबद्दल माहीत. छातीचा रोग, म्हणून मला नेत नसत. तुम्ही एक रविवार सोडून एक रविवार जायचे आणि सोमवारी उतरलेल्या चेहऱ्याने शाळेत इंग्रजी शिकवायचे. संध्याकाळी चुलीपुढे आपण दोघंच. तुम्हाला स्वयंपाक येत नव्हता हे आता सांगायला हरकत नाही. भात कधी चिखल, कधी कच्चा, लाखोरीच्या डाळीला फोडणी द्यायचं तर तुम्ही विसरूनच जायचे. पण मी कुरकूर करायला लागले की तुम्ही गोष्ट पुढे न्यायचे, आणि मी मुकाट खायची.

ते पुस्तक जंगलखात्याच्या साहेबाने देश सोडून जाताना तुम्हाला दिलेलं. डायनोसोर हा शब्द तुम्ही मला एकदाच सांगितला. मला तो जमेना, तेव्हा म्हणालात, "घोरपडच समज पोरी. पन आपल्या देवळाएवढी." मग ती घोरपडच झाली. कड्यांनी वेढलेल्या एका खोऱ्यात ती राहते, पाच माणसं तिथे पोचतात आणि तिचं अंडं चोरून आणतात. ती अंड्यामागे निघते. नदी पार करते, डोंगर चढते. त्या पाचांमध्ये एक म्हातारा आचारी असतो, त्याचं काळीज हलतं, तो अंडं आपल्या घोंगड्यात गुंडाळून परत नेऊन देतो, आणि ती अंडं घेऊन आपल्या खोऱ्यात जाते. मी रोज विचारायची, "पोचते ना जी ते?" तुम्ही पळी थांबवून म्हणायचे, "पोचते ना. माय हाये ते." मग मी लगेच विचारायची, "अन् आई कवा येते?" तुम्ही म्हणायचे, "बरी झाली का येते." माझ्या डोक्यात हे दोन प्रश्न कधीच वेगळे नव्हते. घोरपड पोचली की आई येणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

धान कापून झाल्यावर बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागला. तंबूवाल्याकडे इंग्रजी सिनेमा आला की गावातलं कोणीतरी पडद्याजवळ उभं राहून पत्र्याच्या भोंग्यातून गोष्ट समजावून सांगायचं. त्याने पोस्टर दाखवलं आणि तुमचा चेहरा उजळला. आपल्याच पुस्तकाचा सिनेमा! तो मास्तरला आधीच तोंडपाठ आहे म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला कोण विचारणार? तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला. मी शेजारच्या मावशीबरोबर बायकांच्या बाजूला, कनातीला टेकून बसले.

आता आठवून हसू येतं, पण सिनेमा सुरू झाल्यापासूनच तुमची फजिती सुरू झाली होती. पुस्तकात बाईमाणूस नाही. इथे एक गोरी पोरगी, सारखी किंचाळणारी. तुम्ही म्हणालात, "हे... हे कोन आहे ते पुढं कळन." लोक हसले. आचारी यायची वेळ झाली तर आचारीच नाही. त्याच्या जागी बंदूक घेतलेला एक देखणा गडी. पुस्तकातली भूक, पुस्तकातला पाऊस, पायाला जळवा लागल्याची ती लांबलचक पानं, काहीच नाही. नुसती धावाधाव. तुम्ही पडद्याकडे पाहत होता आणि सांगत होता पुस्तक. पडद्यावर गडी बंदूक भरत होता आणि तुम्ही भोंग्यातून सांगत होता की म्हातारा घोंगडं झटकून राह्यला.

मग त्या गड्याने गोळी घातली. एक, दोन, तीन. घोरपडीने मान वर केली, मागचा डोंगर फुटून आग उसळली आणि ती आडवी झाली. तंबूत चिडीचूप. आणि त्या शांततेत तुमचा आवाज आला, "मेली नाई. थकली बिचारी. झोपून राह्यली ते."

"मेली!" बायकांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं. "मेली ते, मेली!"

मग काय, सगळा तंबू पेटला. "मास्तर, गोळी लागली ना जी तिले! झोपते कशी?" कोणी शिट्ट्या मारल्या, कोणी घोरायचं सोंग केलं. तंबूवाला धावत आला. "मास्तर, तुमी कोनता सिनेमा सांगून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "पुस्तकात नाई मरत." तो म्हणाला, "लोक पुस्तक पाह्याले आले काय?" आणि त्याने तुमच्या हातातून भोंगा काढून घेतला. चारचौघांत, तुमच्याच विद्यार्थ्यांसमोर. पुढे कित्येक महिने पोरं तुमच्या पाठीमागे घोरायची, ते मी ऐकलेलं आहे. तुम्हीही ऐकलं असेल.

घरी येताना तुम्ही माझा हात धरला होता. बैलगाड्यांच्या रांगेपाशी थांबून एवढंच बोललात, "सिनेमावाल्यायनं बदलवलं, पोरी. पुस्तकात पोचते ते." मी मान हलवली.

होळीच्या आधी नागपूरहून तार आली. तुम्ही तार वाचलीत, चुलीवरचा भात उतरवलात, माझ्यासमोर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "तुजी आई मेली, पोरी." गेली म्हणाला नाहीत, देवाघरी म्हणाला नाहीत, झोपली तर नाहीच नाही. मावशीने तुम्हाला बोल लावला, लेकराला असं सांगतात काय म्हणून. मला मात्र त्या दिवशी फक्त तुमच्यावरच भरवसा वाटला. तरी त्यानंतर मी कधी गोष्ट मागितली नाही, आणि तुम्हीही पुस्तक काढलं नाही.

काल भात शिजत होता, त्याच्या वाफेवर पानं धरली. हळूहळू सुटली. आता मला इंग्रजी वाचता येतं, तुमच्याच कृपेने. तर ऐका, बाबा, सिनेमावाल्यांनी सगळं बदललं, हे खरंच आहे. पुस्तकात बंदूक नाही, आगीचा डोंगर नाही, पोरगी नाही. घोरपड अंड्यामागे येताना कड्यावरून पडते. तीन दिवस पडून असते. बाकीचे निघून जातात, आचारी एकटा तिच्याजवळ बसतो, पखालीने तिच्या तोंडात पाणी सोडत. तिसऱ्या सकाळी ती मरते. बाकी सगळं वेगळं, फक्त एवढं एक सिनेमात आणि पुस्तकात सारखं. न पोचणं. पोचते ती फक्त आपल्या चुलीपुढे.

त्या आचाऱ्याचं पान वाचताना मी थांबले. तुम्हाला आईजवळ तीन दिवस सलग बसता आलं नाही. शाळा होती, आणि मी होते. हे पान तुम्ही किती वेळा वाचलं असेल आणि मग केव्हा उठून खळ केली असेल, कोण जाणे. त्यापुढे एकच पान आहे. अंडं तडकतं, पिल्लू बाहेर येतं आणि म्हाताऱ्याकडे बघायला लागतं. ह्याला आता काय खायला घालायचं, ते म्हाताऱ्याला कळत नाही. तिथे पुस्तक संपतं. मी ते वाचून खूप रडले, बाबा, आणि मग तुमचा तो चिखलासारखा भात आठवून हसलेही.

पुस्तक शाळेला देणार नाही. हे पत्र त्याच पानांत ठेवून परत खळ लावणार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून इतकी वर्षं जमलं नाही. तंबूत पहिल्यांदा "मेली" म्हणून ओरडली ती मी होते. हात धरून घरी नेताना तुम्ही मला काहीच विचारलं नाही. बापाला लेकीचा आवाज ओळखू येत नाही, असं कसं होईल?