हत्तीपुढच्या प्याद्याचा प्रतिशोध

३ नोव्हेंबर, प्रातःकाळ. नांदेड.
आज संकल्प सोडला. गतवर्षी माझ्याच वास्तुशांतीत धाकटा साडू वीरण्णा याने मला बुद्धिबळात हरवले. पैज अशी, की हरेल त्याने पंगतीला वरण वाढावे. मी यजमान; पीतांबर नेसून बादली घेऊन फिरलो. पाटावरून वीरण्णा ओरडला, "दाजी, इकडंबी येऊ द्या की!" तो 'बी' अद्याप हृदयात रुतून आहे. २३ तारखेस जळकोटात त्याच्या लेकीचा साखरपुडा. प्रतिशोध तेथेच, पैज तीच.

५ नोव्हेंबर.
कॅसलिंग करून, म्हणजे हत्तीची तटबंदी उभारून, त्याचा राजा कोपऱ्यात दडतो, हे त्याचे मर्म. शस्त्र सापडले: हत्तीपुढचे प्यादे. पहिल्याच चालीत दोन घरे, मग अविरत कूच, कोपऱ्यातल्या किल्ल्याचे द्वार भग्न! गुण: वेग, दहशत, सौंदर्य. दोष: संशोधनाअंती शून्य.

९ नोव्हेंबर.
मोबाइलशी सराव. पराभूत. मोबाइल तापला होता. तप्त यंत्राच्या निर्णयास प्रामाण्य नाही. धर्मपत्नी इंदूने डोकावून विचारले, "अहो, त्या प्याद्याच्या मागं कुणीच न्हाई की?" अग्रणी वीराच्या मागे काय असते, असा मी प्रतिप्रश्न केला. "बादली," म्हणाली.

१४ नोव्हेंबर.
वीरण्णाचा फोन. "आमच्या घरी आमचे नियम. चालंल ना दाजी?" नियम कोणतेही असोत, पराभव तुझाच, असे औदार्याने कळवले. तो बराच वेळ हसला. भयाचे लक्षण.

२२ नोव्हेंबर.
एसटीत शेजारच्या गृहस्थांस प्याद्याचे तत्त्वज्ञान विशद केले. ते कंधारलाच उतरले. तिकीट जळकोटचे होते.

२३ नोव्हेंबर, दुपार. जळकोट.
प्यादे दोन घरे सारले. वीरण्णाने बोटाने एक घर मागे ओढले. "आमच्यात देशी खेळत्यात दाजी. प्यादं एकच घर." देशीत कॅसलिंगही नाही, म्हणजे जो किल्ला फोडण्यास निघालो, तो बांधलाच जाणार नव्हता. तरी माझे प्यादे त्या ओसाड कोपऱ्याकडे निष्ठेने चालत राहिले. मात करणार, इतक्यात त्याच्या राजाने घोड्यासारखी उडी घेतली. देशीत एकदा चालते म्हणे. माझा राजा उडी आठवण्यापूर्वीच वारला.

सायंकाळ.
सिद्धांत अबाधित. दोष जळकोटाचा.
वरण वाढताना सूड म्हणून वीरण्णाचे पान ओलांडून पुढल्या पानाशी गेलो. तो अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असा ओरडला, "दाजी, एका वेळी एकच पान!"
शास्त्रानुसार प्यादे मागे फिरत नाही.
मी फिरलो. वाढले. त्याने आणखी मागितले.