तालमीतली फळी

प्रिय तानू,

तुला वाचता येत नाही आणि मला धड लिहिता येत नाही. निजामाच्या वखताला दोन इयत्ता शिकले, तेवढ्यावरच बसले आहे. माझ्या बन्सीधरला सांगितलं असतं तर लेकानं गोड करून लिहिलं असतं, अन् ह्यात गोड करण्यासारखं काही नाही. हे तुझा लेक सिताराम तुला वाचून दाखवील. त्याला सांग, मधलं गाळायचं नाही, अन् राग आला तरी खालपर्यंत वाचायचं.

आधी खबर. किशनराव मास्तर अंथरुणाला खिळले आहेत. उजवं अंग गेलं. त्यांचं बोलणं कळत नाही, एकच नाव कळतं, ते सितारामचं. त्यांचा भाऊ तात्याराव परभणीला तुमच्या दारात आला होता, ते तुला ठाऊकच आहे. सितारामनं त्याला उंबऱ्यावरूनच सांगितलं, ज्यानं मला दाखवून दिलं त्याचं तोंड मी बघणार नाही. तात्याराव शहाणा माणूस, त्यानं ते शब्द जसेच्या तसे भावाला येऊन ऐकवले. मास्तरांनी भिंतीकडं मान फिरवली. डॉक्टर म्हणतो, पंधरा दिवस निघाले तर खूप. ह्या पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. त्या माणसानं बेइमान म्हणून मरायचं का?

तालीम अजून आहे. पाटलाचा दिनकर आता दिनकरराव झाला, पोट सुटलं, पण संध्याकाळी तिथंच बसतो. हुतुतूचा संघ नावाला उरलाय. मी त्या दारावरून जात नाही, मागल्या वाटेनं जाते. आतली ती काळी फळी तुला आठवत असेल. पहिल्यांदा तिच्यावर दुसऱ्या गावांचे संघ लिहायचे. कुणी डावात लबाडी केली, पैलवान भाड्यानं आणला, की खडूनं त्याचं नाव, अन् मग त्याच्याशी खेळायचं नाही. त्याच्याशी जो खेळला, त्याचंही नाव. पोरांचा पोरखेळ म्हणून आपण हसायचो. मी तर म्हणायचे, आणखी थोड्या दिवसांनी ह्यांना खेळायला गावच उरायचं नाही.

सिताराम त्या संघात होता, मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला. तो चढाईला गेला की समोरची पोरं मागं सरकायची. दिनकर त्याला खांद्यावर घेऊन नाचलेला मी बघितलाय. खेळताना अंगाला अंग घासलेलं चालायचं, घाम लागलेला चालायचा. डाव संपला की मात्र त्याला पाणी वरून, ओंजळीत. मीही त्याला तसंच पाणी वाढलंय, हे लिहिताना मला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

मग त्या वर्षी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, अन् ह्या सगळ्यांचं डोकं फिरलं. ज्यांनी विद्यापीठाची पायरी बघितली नाही, दहावीला तीनदा बसले, ते म्हणायला लागले आमचं विद्यापीठ. फळी पुसली अन् तिच्यावर गावातल्याच माणसांची नावं यायला लागली. पहिल्यांदा जे परभणीला सभेला गेले, ते. मग त्यांच्यासंगं चहा पिणारे. न्हाव्याचं नाव, तर त्यानं तुमच्यातल्या एकाची दाढी केली. शिवाप्पा वाण्याचं नाव, तुमच्या वस्तीला रॉकेल विकलं म्हणून. त्यानं भिऊन रॉकेल बंद केलं, तर आधी का विकलं म्हणून नाव तसंच ठेवलं. त्याची बायको चन्नबसम्मा तर काहीच बोलली नाही. दिनकर म्हणाला, गप बसती म्हंजी तिकडचीच हाय. म्हणजे बोललं तरी वैरी, नाही बोललं तरी वैरी. आपलं कोण, तर जो रोज उठून शिव्या देतो तो. शिव्या कमी पडल्या की त्याच्यावरही नजर. मी बन्सीधरला विचारलं, तुमच्यातलं कुणी उरणार हाय का रं शेवटाला? तर म्हणतो, आई, तुला यातलं कळत न्हाई.

सितारामवरून मात्र त्यांच्यात चार दिवस तंटा चालला. अर्धे म्हणायचे, तो आपला गडी, जत्रेत त्याच्याबिगर हरतो. बाकीचे म्हणायचे, जात बघा. शेवटी ठरलं की पुढच्या सभेच्या दिवशी जो परभणीला जाईल तो वैरी, मग कुणी का असेना. सिताराम गेला की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. अन् सभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ते कळलं.

पुढचं तुला काय सांगू. ओढ्याच्या वाटेला त्याला अडवला अन् गुडघाच फोडला, दुसरीकडं कुठं फारसं मारलं नाही. खेळाडूच ते, कुठं मारायचं ते त्यांना ठाऊक. बन्सीधर त्यात होता. नव्हता असं तो पाच वर्षं म्हणतो, पण त्या दिवशी त्याचं धोतर मी धुतलंय. तुमचं छप्पर पेटवलं ते दुसऱ्या दिवशी. तू बैलगाडीत बसून गेलीस तेव्हा मी कवाडाआडून बघत होते, बाहेर आले नाही.

मग तुम्हीही हिशेब घातला. सिताराम सभेला नव्हताच गेला, तो जिल्ह्याच्या संघाच्या निवडीला गेला होता. मास्तरांनी त्याला गुपचूप पाठवलं, बाकीच्या पोरांचा जळफळाट नको म्हणून. चुडाव्याच्या स्टेशनावर स्वतः गाडीत बसवून दिलं. म्हणजे तो परभणीला गेला हे मास्तरांशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणजे मास्तरच बोलले. तुझ्या जागी मी असते तरी हेच म्हणाले असते. पण तानू, असाच हिशेब तालमीत चालायचा. नजरेसमोर जो दिसला तो धरायचा.

त्या सभेच्या दिवशी मी माहेराहून येत होते. चुडाव्याला उतरले तर मास्तर अन् सिताराम समोर. सिताराम पाठमोरा होता, हातात पिशवी. मास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, निवडीला चाललाय, कुणाला बोलू नका. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पोरं आमच्या ओसरीवर चहा घेत बसली होती. मुगात तण माजलं होतं, तू तीन दिवस खुरपायला आली नव्हतीस. भीतीनं आली नव्हतीस, ते मला कळत होतं, तरी मी धुमसत होते. बन्सीधर म्हणाला, सिताराम कशाचा जातोय, वावरात असंल. अन् मी आतून म्हणाले, कशाचा वावरात, चुडाव्याला गाडीत चढताना मी बघितला की. एवढंच म्हणाले. निवडीचं मला ठाऊक होतं, ते म्हणाले नाही. दिनकरनं कप खाली ठेवला, सगळी उठली. कशाला उठली ते मला कळलं होतं. मी कप विसळायला घेतले. मास्तरांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे की मीच, कारण तिसरं कुणी तिथं नव्हतंच. एकदा विहिरीवर भेटले, मी खाली बघत राहिले, तर म्हणाले, सरजाबाई, नावं सांगायचं काम मला जमत न्हाई. तुमचा आळ त्यांनी अंगावर घेतला अन् मी घेऊ दिला. काल त्यांच्या उशाशी बसून मी म्हटलं, परभणीला सगळं लिहिते. त्यांनी डावा हात हलवला, नको म्हणून. मी लिहिलं. माफी मागत नाही, ती देण्यासारखी गोष्ट नाही. सिताराम, तू हे वाचतोयस ना, तर मला काय म्हणायचं ते म्हण, पण मास्तरांकडं ये. सकाळच्या एसटीनं ये, दिवसाउजेडी. माझ्या दारावरून यायची गरज नाही. त्यांना आता डाव्याच कानानं ऐकू येतं, त्या बाजूला बस.

तुझीच म्हणायला तोंड नाही, तरी तुझीच,
सरजा