दवाखान्याचे जहाज आणि तुझी साक्ष

माय, तू गेल्याला आता बरीच वर्षे झाली, आणि हे लिहिण्याचा व्यवहारी उपयोग काही नाही, हे मला माहीत आहे. तरीही अंबडच्या कोर्टातल्या त्या दिवसाबद्दल आपण दोघे कधी बोललो नाही, ते पन्नाशी ओलांडल्यावर लिहावेसे वाटते. दादा लढाईत दवाखान्याच्या जहाजावर मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. जखमींना घेऊन येणारे, पांढरे रंगवलेले, दोन्ही बाजूंना लाल क्रॉस असलेले ते जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडवले. सरकारी तारेत दादा 'बेपत्ता' होता, आणि त्या एका शब्दावर तू वहिनीचे कुंकू राखलेस. लढाई संपल्यावर चौकशी झाली. अशा जहाजावर हल्ला करणे गुन्हा आहे, याबद्दल वाद नव्हता. परंतु तो कोणत्या पाणबुडीने केला, हे पुराव्याने ठरले नाही आणि प्रकरण मिटले. वर्तमानपत्रात वाचून मी तुला सांगितले, तेव्हा तू ज्वारी निवडत होतीस. "त्यायलाच कोनं मारलं ते ठावं न्हाई, मंग तुला कसं ठावं तो गेला म्हणून?" एवढेच म्हणालीस.

पुढे पिंपळगाव रेणुकाईच्या एका शाळामास्तरांचे वहिनीसाठी विचारणे आले. आपल्यात विधवेचा पाट लागतो, त्यात गैर काही नव्हते. पण त्यांच्या घरचे म्हणाले, उद्या पहिला नवरा दारात उभा राहिला तर? कोर्टाचा निकाल आणा. सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही, त्याला कायदा मृत धरतो. मी कागद जमवले, वकील ठरवला. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दिवस घातले का?" प्रेत नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो तू करू दिला नव्हतास. वकील म्हणाले, "घरच्यांनीच मेला मानला नाही, तर मुन्सफ कसा मानील? निदान आईने तरी सांगावे." मी घरी येऊन तुला ते सांगितले. "लई शिकलास," तू म्हणालीस, "आता भावाला कागदावर मारून राह्यला व्हय?" वहिनी चुलीपाशी होती. तिने भाकरी थापणे थांबवले नाही, फक्त तिचा हात हळू झाला. तू त्या हाताकडे पाहत राहिलीस, आणि मग मला म्हणालीस, "कधी जायचं अंबडला?"

कोर्टात तू पिंजऱ्यात उभी आहेस, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. शिपाई म्हणतो, "मावशी, जरा जोरात बोला, देवाला न्हाई, साहेबाला ऐकवायचंय." लोक हसतात. मुन्सफ विचारतात, "बाई, तुमचा मुलगा हयात आहे का?" तू वहिनीकडे पाहतेस. बराच वेळ पाहतेस.

"न्हाई."

"कशावरून म्हणता?"

"साहेब, त्याला उशीर करायची खोड व्हती. बाजाराला गेला की दिवेलागणीला यायचा. पर बायकोला अशी दारात बसवून न येनारा न्हाई तो. जिता असता तर आला असता."

मुन्सफांनी ते जसेच्या तसे लिहून घ्यायला लावले.

परतीच्या मोटारीत तू वहिनीला म्हणालीस, "पोरी, कुंकू पुसू नको. एकदम नवंच लाव." आणि मला विचारलेस, "बराबर बोलले ना रे?" मी म्हणालो, "बिलकुल बराबर. कायद्याला एवढेच लागते." त्यानंतर जालना येईपर्यंत तू खिडकीबाहेर पाहत होतीस.

निकाल वहिनीच्या बाजूने लागला. पळसाची पाने तूच आणलीस, अग्नी मी दिला. पाटाच्या दिवशी वहिनीची ओटीही तूच भरलीस. धाकट्याने सगळे नीट पार पाडले, असे लोक म्हणत, आणि ते खरेही होते. कोर्टात काय सांगायचे, हेसुद्धा तुला मीच समजावले होते. तरीही मुन्सफांनी विचारल्यावर तू वहिनीकडे पाहत थांबलीस, तेवढ्या वेळात, माय, तू 'हाय' म्हणावेस असेच मला वाटत होते.