दोन्ही बाजूंनी साखर

मॅडम, आपल्या प्रयोगशाळेतला जुना फ्रीज गेल्या आठवड्यात भंगारात काढला, तेव्हा मागच्या कप्प्यात तुमच्या दोन कुप्या सापडल्या. सीलबंद, तळाशी तांबूस भुकटी, आणि वर तुमच्याच अक्षरात 'मी'. दुसऱ्याचं रक्त मागायचं म्हणजे सतरा परवानग्या, माझं फुकट आहे, असं म्हणून तुम्ही स्वतःचंच रक्त काढायला लावायचात आणि वर्षानुवर्षं टिकतं का ते पाहायला अळंबीतल्या त्या साखरेत वाळवायचात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी तुम्हाला हातात धरून उभी होते. फेकवेना, ठेववेना.

तुम्ही मला झापलंत तो दिवस आठवतो. वाळवताना पाणी निघून गेलं की पेशीचं स्निग्ध आवरण चिरतं. त्या पाण्याची जागा साखरेनं धरून ठेवायची, एवढंच तर आपलं काम. मी साखर नुसती बाहेरून घातली होती. मिठाचं पाणी परत घातल्यावर सगळ्या पेशी फुटल्या, द्रव कोकम सरबतासारखा लाल आणि नितळ झाला. तुम्ही नळी उजेडात धरता आणि शांतपणे म्हणता, "अहो बाईसाहेब, साखर दोन्ही बाजूंनी लागते. नुसतं वरवर गोड असून पुण्यात तरी कोणी टिकलंय का?" मग डब्यातली अर्धी गूळपोळी माझ्यापुढे सरकवता. पण रक्तपेशीच्या आत साखर पोचवणं तुम्हालाही शेवटपर्यंत जमलं नाही, आणि ते तुम्हाला फार लागलं होतं.

म्हणून एक कुपी फोडली. मिठाचं पाणी घातलं. नितळ लाल होईल, मग टाकून देऊन मोकळी होईन, असं वाटलं होतं. द्रव गढूळच राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बऱ्याच फुटल्या होत्या, पण मधूनमधून गोल, अखंड पेशी होत्या, आणि त्यांच्या कडा थरथरत होत्या. ती नुसती उष्णतेची हालचाल असते, त्यावरून कोणी जिवंत ठरत नाही, हे मीच मुलांना शिकवते. तरी मॅडम, मला आनंद नाही झाला, भीती वाटली. तुम्हाला जमलं होतं, हे सांगायला मी चक्क मागे वळले. मागे तुमची खुर्ची रिकामी, आणि काचेखाली तुम्ही थरथरत होतात.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? दुसरी कुपी फोडलेली नाही. कोथरूडला घरी आणलीय, फ्रीजमध्ये विरजणाच्या मागे ठेवलीय. घरच्यांना औषध आहे म्हणून सांगितलंय. हल्ली फ्रीजचं दार मी हळू लावते.