राजेश्रीसाठी लोंगजिंग

१२ जानेवारी, रविवार
राजेश्रीला माहेरी जाऊन आज एकवीस दिवस झाले. राणीसावरगावची हवा तिला मानवते. बदल म्हणून गेली आहे, दुसरं काही नाही. शेजारच्या केशरबाई उगाच विचारत राहतात, वैनी कधी येणार. सांगितलं, संक्रांतीला. त्या नुसतं 'बरं' म्हणाल्या. हे 'बरं' मला आवडलं नाही.
आज ठरवलं. ती यायच्या आत चहा शिकायचा. साधा नाही, साधा पूर्णा स्टेशनवर कुणीही करतं. लग्नाच्या बावीस वर्षांत मी गॅस पेटवला नाही हे खरं. पण तशी वेळच कुणी येऊ दिली नाही, त्याला मी काय करू? एकदा राजेश्री मोबाईलवर एका चिनी बाईचा व्हिडिओ बघत होती. बाईनं काचेच्या ग्लासात हिरवी पानं टाकली, वरून पाणी ओतलं आणि खिडकीत बसून पीत राहिली. राजेश्री म्हणाली होती, किती निवांत प्यायलीय बया. म्हणजे तिला तो चहा पाहिजे. लोंगजिंग नाव आहे. ऑनलाइन ऑर्डर केला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
आली नाही. बसला गर्दी असणार. फोन केला तर सासूबाईंनी उचलला. राजेश्री शेतात गेलीय म्हणाल्या. तेवढ्यात मागून राजेश्रीचाच आवाज आला. शेत घराला लागूनच असावं.

१७ जानेवारी, शुक्रवार
डबा आला. जन्मभर पार्सल ऑफिसात लोकांची पार्सलं उतरवून घेतली, स्वतःचं हे पहिलंच. पानं चपटी, वास शेतात भाजलेल्या हरभऱ्याच्या हुळ्यासारखा. ऑफिसातला नागेश म्हणाला, साहेब, ही तर वाळलेली मेथी हाय. नागेशला परदेशी मालाची पारख नाही.
संध्याकाळी पहिला प्रयोग. दूध, साखर, आलं घालून तीनदा वर येऊ दिला. रंग शेवाळी. एक घोट घेतला, बाकीचा मोरीत. दूध खराब असणार.

१९ जानेवारी, रविवार
व्हिडिओ नीट पाहिला. दूध नाही, साखर नाही, उकळायचंही नाही! मग ह्याला चहा कशाला म्हणायचं? पाणी ऐंशी डिग्रीच पाहिजे, जास्त झालं की पानं कडू होतात. बोअरचं पाणी खारट, म्हणून जार मागवला. आजपासून शिस्त. रोज सकाळी सहाला सराव.

२० जानेवारी, सोमवार
आठला उठलो. थंडी लय होती.

२२ जानेवारी, बुधवार
ऐंशी डिग्री मोजायला कपाटातला तापाचा थर्मामीटर काढला. बटण दाबलं की तो आधी मागचा आकडा दाखवतो. १०३.४. मग पाण्यात धरला, तर बंदच पडला. माल हलका.
तो आकडा राजेश्रीचा. डिसेंबरातला. ती म्हणाली होती, ताप लय हाय, अर्धा कप चहा तेवढा टाका. टाकणारच होतो. मॅचच्या शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या होत्या. फक्त विचारलं की पत्ती कुठल्या डब्यात असते. मग तीच उठली, भिंतीला धरून. मी म्हणालो, उठलीसच तर माझापण टाक. एवढंच बोललो. एकशेतीन आहे हे मला कुणी सांगितलं का? मला वाटलं, थंडीनं अंग दुखतंय.
बरी झाल्यावर तिनं बॅग भरली.

२५ जानेवारी, शनिवार
नांदेडहून मुलीचा फोन. रोहिणी नर्सिंगला आहे, त्यामुळे सगळ्यांना औषध सांगायची सवय. म्हणाली, पप्पा, चहाचं राहू द्या, मम्मीला सॉरी म्हणा. अगं, एवढा चहा केला की त्यात सॉरी आलंच की!
आणि आज जमला. उकळलेलं पाणी निवायला या पातेल्यातून त्या पातेल्यात तीन वेळा ओतायचं, मग ग्लासात. पानं आधी तरंगली, मग एकेक खाली जाऊन उभी राहिली. पहिला घोट कोमट गवत. गिळल्यावर मात्र मागून गोड. दोन ग्लास केले होते. एक समोर ठेवला, तिच्या जागेवर. तो गार झाला.
घर लय मोठं वाटायलंय. रडलो. वाफेनंही डोळ्यांत पाणी येतं म्हणा. पण वाफ कधीच गेली होती.

३० जानेवारी, गुरुवार
रविवारी जाणार. सोबत डबा, टॉवेलात गुंडाळलेले दोन ग्लास, जारचं पाणी दोन लिटर. तिच्यासमोर, माझ्या हातानं करून देणार. मग ती काय बोलणार? केशरबाईंना सांगून टाकलं, सोमवारी वैनी घरी.

२ फेब्रुवारी, रविवार
आलो. एकटाच. उद्या लिहीन.

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी
ऑफिसला गेलो नाही. केशरबाई डोकावल्या. वैनीला बरं नाही म्हणून सांगितलं. खोटं. ती चांगली आहे. इथं होती त्यापेक्षा चांगली.
तिथं सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, बाजेवर सतरंजी टाकली. मी डबा आणि ग्लास काढून म्हणालो, आज चहा मी करतो. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, जावईबापूनं चुलीला हात लावला तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल. मेव्हणा जीवन म्हणाला, दाजी, बसा गुमान, लाजवू नका आमाला. मी 'अहो पण' म्हणालो. एकदाच म्हणालो. मग बसलो.
राजेश्रीनं माझ्या हातातून डबा घेतला. आत पाणी ठेवलं. मी बाजेवरून सांगत होतो. पानं उकळू नको. माझ्या बाटलीतलंच पाणी घे. तीन वेळा ओत. अगं, झाकण नको! ती सांगितलं तसं करत होती. तिनं केलेल्या चहात पानं माझ्यापेक्षा सरळ उभी राहिली.
तिनं ग्लास आणून माझ्या हातात दिला. मी सासूबाईंना समजावलं की गोडवा मागून येतो, घाई करायची नाही. चहा फक्कड झालाय म्हणालो. मग म्हणालो, चल, बॅग भर.
राजेश्री म्हणाली, मी येणार न्हाई. रागानं नाही. दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणावं, तसं. इथं पडून राहिले तर आई उठती, म्हणाली. मी म्हणालो, अगं, महिनाभर शिकलो मी हा चहा, तुझ्यासाठी. तिनं माझ्या हातातल्या ग्लासाकडं बघितलं. मग मीपण बघितलं. तळाला नुसती पानं होती.
जीवननं टॉवेल-टोपी दिली आणि गाडीवरून स्टँडवर सोडलं. पाहुण्याला सोडतात तसं.
बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली तेव्हा दुसरा ग्लास हाताला लागला. टॉवेलातून काढलाच नव्हता. तिला घोटभर घेतेस का, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.