दुबईतला अर्धा फ्लॅट

गुरुवार, २७ नोव्हेंबर. सकाळी धुकं होतं. दवाखाना नेहमीच्या वेळी उघडला. मानेचे, गुडघ्याचे, खांद्याचे पेशंट झाले. बाबा, दुपारी तुमचा मुलगा आला. त्याच्या आधी चौघे बसले होते, म्हणून मी त्यालाही बाहेरच्या बाकावर बसवलं. तो गेला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा दवाखाना कुठे आहे ते आधी सांगते. गुढ़ियारीत, रेल्वे यार्डाला लागून, भाड्याच्या एका खोलीत. मालगाडी शंटिंगला आली की व्यायामाचा पलंग थरथरतो आणि म्हाताऱ्या बायका हसून म्हणतात, "मशीन चालू हो गई, दीदी." तुम्ही मला दुसरी जागा दाखवली होती. माझं फिजिओथेरपीचं शिक्षण चालू होतं तेव्हा रविवारी स्कूटरवर मागे बसवून बीरगांवला न्यायचे, आपल्या प्लॉटवर. चपलेच्या टोकानं मातीत रेघ ओढायचे. "इथं तुझा पलंग. इथं पेशंटच्या चपला. कारखान्याची माणसं हायेत, कंबरा दुखतच राहणार. तुले कमी पडणार नाही." घरी आल्यावर सँडलची ती माती मी दोन-दोन दिवस झटकायचे नाही.

मग तुम्हाला लकवा झाला. उजवा हात गेला. समता कॉलोनीतल्या घरी जेवणाच्या टेबलावर आपण रोज बसतो. मी ताटात तुरीचे दाणे टाकते, तुम्ही एकेक उचलता, दाणा निसटला की मला शिव्या देता. नंतर कपड्याचे चिमटे, नंतर पेन. पकड बसावी म्हणून पेनाला मी जुन्या साडीची पट्टी गुंडाळली आहे. आधी नुसत्या वेड्यावाकड्या रेघा, मग अक्षरं, आणि एका सकाळी तुमची सही उमटते, शेवटच्या फराट्यासकट, पूर्वी होती तशी. मला रडू येतं. तुम्ही कागद लांब धरून बघता आणि विचारता, "रजिस्ट्रीत चालन का हे?"

तेव्हा मला कळलं. त्याच्या महिनाभर आधी तुमचा मुलगा एका हॉटेलात प्रदर्शन पाहून आला होता. दुबईतल्या इमारतीचं मॉडेल, काचेचा निळा तलाव, दरमहा परदेशी भाडं. तुमच्या अंथरुणाशी बसून त्यानं सगळं समजावलं आणि तुम्ही मान डोलावली. बाहेरच्या देशातल्या घराला इथली बँक कर्ज देत नाही, हे दोन-तीन बँका फिरल्यावर तुम्हाला समजलं. मग पैसा उभा करायला एकच गोष्ट उरली, बीरगांवचा प्लॉट. तो विकायला तुमचा अंगठा चालला असता, पण सिंचाई विभागातून साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूस अंगठा कसा लावणार? त्या सहीसाठी तुम्ही दाणे उचलत होता. मला वाटलं होतं, जगण्यासाठी उचलताय.

पुढची अडचणही तुमचीच. एका माणसाला वर्षात जितका पैसा बाहेर पाठवता येतो, तेवढ्यात फ्लॅट बसेना. म्हणून प्लॉटचे अर्धे पैसे त्याच्या खात्यातून गेले, अर्धे माझ्या. ज्याच्या खात्यातून पैसा जातो त्याचं नाव मालकीत हवं, असं बँकेतल्या माणसानं सांगितलं तेव्हा तुमचा मुलगा चपापला. तुम्ही माझ्यादेखत त्याला म्हणालात, "राहू दे न नाव. पोरगी काय दुबईले जाऊन राहणार हाय?" आणि मला म्हणालात, "मार सही. वाचून काहून राहिली?" मी वाचलं नाही. सही केली. त्यानंतर तुम्ही गेलात. भाडं त्याच्याकडे येत राहिलं, मी एकदाही विचारलं नाही.

आज तो आतल्या खोलीत आला. पडद्याच्या पलीकडे एक म्हातारी कमरेला शेक घेत पडली होती. तो म्हणाला, "दीदी, फ्लैट का ग्राहक मिल गया है. तू बस पावर ऑफ अटर्नी पे साइन कर दे, बाकी मैं देख लूँगा." मी म्हटलं, "करते. अर्धे माझ्या खात्यात."

तो हसला. मी हसत नाही हे दिसल्यावर खुर्ची पुढे ओढून बसला. "मेरी राइस मिल बैठ जाएगी, दीदी. बँक ताला लगा देगी. आधे में कुछ नहीं होगा."

"मले माहीत आहे."

"पापा का पैसा था वो!"

"त्यांचाच. म्हणून तं त्यांनी अर्धा माझ्या नावानं ठेवला."

"अरे, वो तो लिमिट के लिए था!"

पडद्यामागून म्हातारी बोलली, "अगहन के बृहस्पत को लछमी माँगने आए हो, भैया? आज के दिन तो कोई चुटकी भर नमक नहीं देता." मार्गशीर्षातला गुरुवार; त्याच्याच दारात आज सकाळी त्याच्या बायकोनं तांदळाच्या पिठानं लक्ष्मीची पावलं काढली असणार. तो लाल झाला. उठताना म्हणाला, "पापा होते तो एक झापड़ मारते तेरे को."

"कोणत्या हातानं?" मी विचारलं.

त्याला कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.

नातेवाईक विचारतील तेव्हा मी म्हणेन, हक्काचं मागितलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? हक्काचं मागायचं असतं तर भाडंच मागितलं असतं, इतकी वर्षं गप्प बसले नसते. माझा अर्धा वाटा मी त्याला उसना देऊ शकते, त्यात त्याची मिल वाचेल. मी देणार नाही. मला त्या मिलच्या फाटकाला कुलूप लागलेलं पाहायचं आहे. तुम्ही ज्याच्यासाठी सही शिकलात तो दारोदार सह्या मागत फिरताना पाहायचा आहे. आणि तरीही, ज्यांचा हात गेलाय अशा पेशंटना मी तुमचंच उदाहरण देते. माझे बाबा पुन्हा लिहायला लागले, म्हणते. काय लिहिलं ते सांगत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही. सकाळी बंबात जाईल. फक्त एक सांगून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. तो गेल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी भूक लागली. कडकडून, लहानपणी लागायची तशी. दवाखाना बंद करून घरी आले, कालच्या भाताला लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि ओट्याशी उभी राहून कढईतूनच सगळा खाल्ला.