शेतात आज कोण आलं

ता. ४ जून

चि. ठोंब्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आठवतं का, मी बोर्डिंगहून सुट्टीला आले की आपण दोघं मागच्या पायरीवर बसायचो. मी तुझे निबंध तपासायचे आणि तू माझ्या बुटांना पॉलिश करायचास. एकदा तू ‘आमची गाय’ या निबंधात लिहिलंस, की गायीने वडिलांना लाथ मारली आणि मग वडिलांनीही तिला मारली. मास्तरांनी ते साऱ्या वर्गाला वाचून दाखवलं. घरी येऊन तू मला विचारलंस, की खरं लिहिलं तर लोक हसतात का. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी शहाणपणाचंच दिलं असणार, कारण तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला सगळं ठाऊक होतं.

तुझा करार वाचला. अकरा पानं, मुंगीएवढा टाइप, आणि शिस्त अशी की आमच्या नन्सनी हात टेकावेत. तुझ्यासाठी आपल्या भाषेत उतरवून सोबत जोडला आहे. थोडक्यात सांगायचं तर फरसबीचं बी कंपनीचं, औषधं कंपनीची, आणि भाव पेरणीआधी ठरणार. परदेशी पाठवायची म्हणून मापात बसेल तेवढीच शेंग घेणार. बाहेर कुणाला विकायची नाही. शेतात जनावर येता कामा नये. तुम्हा बारा शेतकऱ्यांचा मिळून एकच गटक्रमांक, म्हणजे एकाचं चुकलं की बाराही जणांचा माल थांबणार. आणि रोज वही लिहायची: काय फवारलं, कोणती सरी तोडली, शेतात कोण आलं.

तू वहीला कंटाळशील हे मला माहीत आहे. म्हणून युक्ती सांगते. मला पत्र लिहितोस तशीच ती लिही, काही गाळू नकोस. नन्स आमच्याकडून रोज संध्याकाळी अशीच डायरी लिहून घ्यायच्या. सवय लागली की बरं वाटतं.

सही कर असं मी म्हणत नाही, करू नको असंही नाही. जमीन तुझ्या पायाखाली आहे, माझ्या नाही.

यांची तब्येत आहे तशीच. उजवी बाजू हलत नाही, बोलणं नाही. तुझं पत्र वाचून दाखवते तेव्हा डोळे मिटून घेतात. ऐकतात की झोपतात, हे विचारणं मी सोडून दिलं आहे. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, तेव्हा पत्रंच लिही. माया आहे तेवढी राहू दे, कमी पडली तर आणखी पाठवीन.

तुझी,
ताई


ता. ३० जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

सही केली, पेरलं, आणि आज पहिली तोडणीसुद्धा झाली. उशिरा कळवतोय म्हणून रागावशील, ते गृहीत धरून पुढे लिहितो.

गटात माणसं बारा आणि मतं तेरा. गटप्रमुख पलीकडच्या मळ्यातले. त्यांना सगळे अध्यक्ष म्हणतात. त्यांचं म्हणणं, पेरायच्या आधी भाव कळतो यासारखं सुख नाही, नाहीतर बाजारात माल नेणं म्हणजे डोळे बांधून जुगार. उतारावरचा पहिलवान म्हणतो, व्यापारी निदान हसून फसवायचा, हे टाइप करून फसवतील. सगळ्यांत आधी सही त्यानेच केली. विहिरीजवळचे आजोबा म्हणाले, बी त्यांचं, औषध त्यांचं, माप त्यांचं, मग आपण कोण, राखणदार? तेवढ्यात सुनेने त्यांच्या हातात पेन दिलं.

मी का केली ते तुला खरं सांगतो. भावासाठी नाही. घरची गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या शेतात मुद्दाम असं कोणी आलं नव्हतं. आता दर मंगळवारी कंपनीचा निरीक्षक येतो. पन्नाशीचा, काडीसारखा, खिशात पोलादी पट्टी. आम्ही त्याला फूटपट्टी म्हणतो. शेंग अकरा ते तेरा सेंटिमीटर हवी आणि सरळ हवी. वाकडी दिसली की हा वैद्यासारखी मान हलवतो. तोडणीच्या बायकांच्या बांगड्या उतरवल्या, नखं पाहिली, केसांना जाळी लावली. त्यांची मुकादमीण म्हणाली, आमच्या लग्नात मुलाकडच्यांनीही एवढं बघितलं नव्हतं.

वही तू सांगितलंस तशीच लिहितो. ‘शेतात आज कोण आलं’ असा एक रकाना आहे. बहुतेक दिवशी तिथे ‘कोणी नाही’ लिहावं लागतं. ते बरं दिसत नाही, म्हणून खाली आणखी दोन ओळी लिहितो. फूटपट्टी ती वही जीपमध्ये बसून वाचतो. म्हणाला, बाकीच्या अकरा वह्या वाचून झोप येते, तुमची वाचली की घरी पत्र लिहावंसं वाटतं.

माझी कंबर अधूनमधून धरते. पाहुणी बरी आहे. घरची गेली त्या आठवड्यात एका दिवसापुरती आलेली ती कुत्री, अजून मुक्कामाला आहे. भाऊजींना नमस्कार. मायेत ठेव.

तुझा,
ठोंब्या


ता. ३ ऑगस्ट

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

मुकादमिणीचं बोलणं वाचून मी इतकी हसले की नर्स आतून पाहायला आली. यांना पुन्हा वाचून दाखवलं. डावीकडची मिशी हलल्यासारखी वाटली. तू हे वहीत लिहू नकोस, कारण मला खात्री नाही.

तुझा तो रकाना मी आमच्या घराला लावून पाहिला. सकाळी नऊला नर्स. अकराला औषधाच्या दुकानातला माणूस, तोही दारातूनच. चारला वरच्या मजल्यावरची बाई वर्तमानपत्र मागायला येते आणि उभ्या उभ्याच जाते. संपलं. तुझ्याकडे निदान मंगळवार आहे. मी तुझ्या मंगळवाराचा हेवा करते असं म्हटलंस तरी चालेल.

मला यावंसं वाटतं, पण यांना सोडून एक दिवसही येता येत नाही. पाहुणीला माझा नमस्कार सांग. तुझ्या घरात मुक्कामाला राहिलेली एवढी एकच दिसते. कंबरेला शेक देत जा. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. १२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

सरळ मुद्द्यावर येतो. माझ्यामुळे बाराही जणांचा माल थांबला आहे.

काल परदेशातून एक तपासणी करणाऱ्या बाई आल्या. स्वभावाने चांगल्या, बूट काढून पायऱ्या चढल्या. सगळ्यांच्या वह्या दुभाष्याकडून वाचून घेतल्या. माझ्या वहीतलं दोन ऑगस्टचं पान असं आहे: “तोडणी नाही. फवारणी नाही. शेतात आज कोण आलं: कोणी नाही. दुपारी कंबर धरली म्हणून तिसऱ्या सरीत आडवा झालो. पाहुणी येऊन शेजारी झोपली. तिला उठवलं नाही.”

बाईंनी विचारलं, पाहुणी कोण? मी सांगितलं. त्या लिहू लागल्या. पिकात जनावर, आणि तेही शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत. गटक्रमांक एकच, म्हणून सगळा माल शीतगृहात अडकला. आठवड्यात निकाल लागला नाही तर नासेल. फूटपट्टीला जाब विचारला, की वाचून गप्प का बसलास. त्याला शेतावरून काढून शीतगृहात बसवलं आहे.

संध्याकाळी अध्यक्ष, पहिलवान आणि आजोबा घरी आले. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात तीन माणसं एकदम बसली. त्यांनी तोड काढली आहे. मी लिहून द्यायचं, की बायको गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, वहीतल्या नोंदी मनाच्या आहेत, असं काही घडलंच नाही. कंपनीला ते इंग्रजीत हवं आहे, आणि माझी बहीण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिलवान म्हणाला, शेतकऱ्याला वेडं म्हटल्याने कुणाचं काय जातं, सगळं जग म्हणतंच आहे.

ताई, वेडा म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही. पण ती नोंद खोटी म्हटली की तो दिवस झालाच नाही असं होतं. तसा तो काही मोठा दिवस नव्हता. पण झाला होता.

तरी अकरा घरांचा प्रश्न आहे. आज नळावर गेलो तर बोलणं थांबलं. तू लिहून दे, मी सही करतो.

तुझा,
ठोंब्या


ता. १४ ऑगस्ट

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

आधी माझी चूक. शेतात जनावर नको हे कलम मीच तुला उतरवून दिलं. पत्र लिहितोस तशी वही लिही, हेही मीच सांगितलं. आणि पाहुणीची मजा वाचताना दोन्ही गोष्टी एकत्र माझ्या डोक्यात आल्या नाहीत. नन्सची डायरी फक्त नन्स वाचायच्या. कंपनीची वही कंपनी वाचते, एवढं साठी उलटलेल्या बाईला कळायला हवं होतं.

तू म्हणालास तसा कागद लिहायला बसले. इंग्रजी मला सोपं जातं, तू जाणतोस. ‘माझा भाऊ’ असं लिहिलं आणि पुढचं वाक्य लिहिता येईना. तीन कागद फाडले. चौथ्यावर शेवटी लिहून काढलं, कारण अकरा घरं मलाही दिसतात. तो कागद पाकिटात आहे, त्याला पिवळा दोरा बांधला आहे.

दुसरा कागद निळ्या दोऱ्याचा. त्यात लिहिलं आहे, की नोंद खरी आहे, पण ती फक्त तुझ्या शेताची आहे. तुझा माल वेगळ्या खोक्यांत आणि वेगळ्या तारखेने गेला आहे, तो गटातून काढावा, तुझा करार आजपासून रद्द समजावा आणि बाकी अकरांचा माल सोडावा. करार पुन्हा दोनदा वाचला. एखाद्याने स्वतःहून गट सोडला तर बाकीच्यांची तपासणी वेगळी करता येते, असं शेवटच्या पानावर आहे. पण हा कागद दिलास तर तुझा मंगळवार जाईल. पुढच्या हंगामात तुला कोणी गटात घेईल असंही नाही.

मी निवडणार नाही. दोन्ही कागद माझ्या अक्षरात आहेत, तेव्हा जो देशील त्याचं पाप-पुण्य अर्धं माझं. एवढंच सांगते, पिवळा दिलास तरी मी तुला वेडा समजणार नाही, आणि निळा दिलास तरी शहाणा समजणार नाही. ठोंब्या तो ठोंब्याच.

तुझी,
ताई


ता. १९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

निळा दिला.

अकरांचा माल परवा गेला. ट्रक आमच्या वाटेनेच गेला. मी बांधावर उभा होतो, ड्रायव्हरने हात केला. अध्यक्षांनी निरोप धाडला, की बरं झालं. स्वतः आले नाहीत. त्यांचा राग आहे की लाज, हे मला ओळखता येत नाही, आणि विचारायला जावं तर पाय उचलत नाही. काल मंगळवार होता. सवयीने अंगण झाडून ठेवलं होतं.

शीतगृहातली माझी खोकी कंपनीने परत आणून टाकली. ती गेली वाया. पण शेतात पीक उभं आहे, अजून तीन तोडण्या निघतील. बाजारात न्यायची सोय नाही, हंगाम संपेपर्यंत तो नियम लागू आहे असं त्यांनी बजावलं. शेंगा कोवळ्या आहेत, सरळ आहेत, त्याच त्या पट्टीच्या मापाच्या. सोमवारी नांगर घालतो. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
ठोंब्या


ता. २१ ऑगस्ट

चि. ठोंब्यास ताईचे खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र मिळेपर्यंत नांगर जोडू नकोस. करार मी आता तोंडपाठ म्हणू शकते. त्यात विकू नये असं आहे. देऊ नये असं कुठेही लिहिलेलं नाही. दान ही गोष्ट त्यांच्या वकिलाच्या डोक्यात आलेली दिसत नाही. तेव्हा मी सांगते तसं कर.

मुकादमिणीला निरोप दे आणि सगळी तोडून घे. मजुरीऐवजी निम्मी शेंग त्या बायकांची. बांगड्या घालून तोडू देत.

पहिली टोपली आजोबांच्या घरी. सुनेच्या हातात दे. त्यांना दात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी अगदी कोवळी घाल. दुसरी पहिलवानाला, आणि ती मोठी असू दे, त्याच्याकडे खाणारी तोंडं फार. एक फूटपट्टीला शीतगृहावर नेऊन दे. त्यात सगळी वाकडी घाल, त्याला कळेल. शाळेच्या बाईंना एक. गटातल्या उरलेल्या आठ घरांना एकेक, जी घरं नळावर गप्प बसली त्यांना आधी.

अध्यक्षांकडे सगळ्यांत शेवटी जा, भर दिवसा. टोपली उंबऱ्यावर ठेवून पळून येऊ नकोस. दार उघडेपर्यंत थांब. ते स्वतः समोर आले तर मालाचं काही बोलू नकोस, पाणी माग. बस म्हणाले तर बस.

मला पाठवू नकोस. वाटेत कोमेजेल, आणि आमच्या घरी खाणारी मी एकटी. तुझ्यासाठी मात्र एक शेर काढून ठेव. नाहीतर सगळ्यांना वाटून झाल्यावर स्वतः लोणचं-भाकरी खात बसशील.

इथलं सगळं तसंच. काल यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. अंगण झाडल्याच्या ओळीवर मी थांबले, तर त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. तेव्हा ऐकतात, हे आता नक्की झालं.

माझी माया तुला पुरत नाही हे मला समजतं. तरी असेल तेवढी तुझीच.

तुझी,
ताई

ता. क. शेंग पिशवीत घालून देऊ नकोस. घरातल्या टोपल्या, सुपं, भावजयीची पितळी परात, काय असेल त्यात दे, आणि येताना एकही भांडं रिकामं करून परत आणू नकोस. कुणी आत्ताच ओतून देतो म्हणालं, तर सांग की घाई नाही, सवडीने आणून द्या.